इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी फ्लाइंग स्कूल निवडताना

वैमानिकाचा कमर्शियल परवाना हातात आला की बरेच जण इन्स्ट्रक्टर रेटिंगकडे, म्हणजे इतरांना विमान उडवायला शिकवण्याच्या परवानगीकडे, वळतात. कुणाला उड्डाणाचे तास भरायचे असतात, कुणाला मनापासून शिकवायचं असतं, बहुतेकांना दोन्ही हवं असतं. मग स्कूलचा शोध सुरू होतो आणि पहिल्या परवान्याच्या वेळी विचारलेलेच प्रश्न पुन्हा विचारले जातात: विमानं किती, कोर्स किती दिवसांचा, पैसे किती. हे विचारायला हवंच. पण विमान उडवायला तुम्हाला आता येतं. इथे शिकायचंय ते शिकवणं, आणि आपण ज्याच्या हाताखाली शिकवायला शिकतो त्याच्याच पद्धतीनं पुढची कित्येक वर्षं शिकवत राहतो. त्याच्या चांगल्या सवयी आपल्याला लागतात, वाईटही लागतात, आणि त्या आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत जातात. म्हणून माझा आग्रह असतो की आधी माणूस शोधा, मग स्कूल. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पायरी १: कोणत्या देशाच्या नियमांखाली शिकवायचंय ते ठरवा

हे आधी ठरलं नाही तर पुढची सगळी तुलना फसते. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १ मध्ये वैमानिकांच्या परवान्यांचे किमान निकष दिलेले आहेत, पण त्यावर प्रत्येक देश आपापले नियम रचतो आणि इन्स्ट्रक्टरच्या बाबतीत त्यांत बराच फरक आहे.

अमेरिकेत एफएए ही नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था इन्स्ट्रक्टरचं स्वतंत्र सर्टिफिकेट देते. विमानांसाठी ते हवं असेल तर वय किमान १८, कमर्शियल किंवा एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता) लागतं. लेखी परीक्षा दोन असतात: एक शिकवण्याच्या मूलतत्त्वांची, दुसरी विमानविद्येची. लॉगबुकमध्ये स्पिनच्या (विमान गिरक्या घेत खाली येऊ लागतं त्या स्थितीच्या) प्रशिक्षणाची नोंद लागते आणि शेवटी तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा असते. मात्र या कोर्समध्ये किती तास उडायचं, याचा किमान आकडा नियमात नाही. युरोपात ईएएसए या तिथल्या नियामकाचं उलट आहे. तिथे वर्गातलं शिक्षण किमान १२५ तास, त्यातले २५ तास निव्वळ अध्यापनशास्त्राचे, आणि उड्डाणाचे किमान ३० तास, ज्यातले २५ तास इन्स्ट्रक्टरसोबत. शिवाय कोर्सला बसण्याआधीच्या सहा महिन्यांत प्रवेशाची उड्डाण चाचणी द्यावी लागते. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे इथल्या नियामकाच्या, पद्धतीत आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, म्हणजे एएफआयआर, आणि मग एफआयआर, म्हणजे पूर्ण फ्लाइट इन्स्ट्रक्टर, असा दोन टप्प्यांचा रस्ता आहे.

एका देशाचं रेटिंग दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. जिथे नोकरी करायची तिथल्या नियामकाचे ताजे नियम स्वतः वाचा, स्कूलच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. मुदतीचंही तसंच. ईएएसएचं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. एफएएनं डिसेंबर २०२४ पासून सर्टिफिकेटवर मुदत छापणं थांबवलं आहे, पण दर २४ महिन्यांत आपला अनुभव ताजा असल्याचं दाखवावंच लागतं.

किमान तासांचा नियम नसेल तिथे अतिशय थोड्या दिवसांत कोर्स संपवण्याची जाहिरात करणं कायद्याला धरून असतं. तयारी करून आलेल्या, शंभर वेळा धडे घोकलेल्या माणसाला असा कोर्स पुरतोही. नवख्याला पुरत नाही. परीक्षा कदाचित पार पडेल, पण पहिला विद्यार्थी शेजारी बसला की कुठे कमी पडलो ते कळतं, आणि त्याची किंमत तो विद्यार्थी मोजतो.

पायरी २: तुम्हाला शिकवणार कोण, हे नावानिशी विचारा

‘आमच्याकडे अनुभवी इन्स्ट्रक्टर आहेत’ या उत्तरावर थांबू नका. माझा कोर्स कोण घेणार, त्यांनी आजवर किती इन्स्ट्रक्टर तयार केले, कोर्स संपेपर्यंत ते इथेच आहेत का, हे विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. अनेक स्कूलमधले तरुण इन्स्ट्रक्टर एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघत असतात. ते मध्येच गेले की तुमचा कोर्स दुसऱ्याच्या हाती जातो, त्याची पद्धत वेगळी निघते आणि झालेलं काम पुन्हा करावं लागतं.

नियमांनाही हे पद साधं वाटत नाही. ईएएसएच्या पद्धतीत इन्स्ट्रक्टर घडवणाऱ्याकडे शिकवण्याचा किमान ५०० तासांचा अनुभव असावा लागतो आणि त्याची वेगळी चाचणी होते. एफएएची जुनी अट २४ महिने इन्स्ट्रक्टर असण्याची आणि २०० तास शिकवल्याची होती. २०२४ च्या शेवटी झालेल्या बदलानंतर पात्र ठरण्याचे आणखीही मार्ग आहेत. पण हे झाले किमान आकडे. तासांवरून माणूस किती शिकवून बसला ते कळतं, कसा शिकवतो ते कळत नाही.

ते कळण्यासाठी स्कूलमध्ये अर्धा दिवस काढा आणि त्यांच्या ब्रीफिंगला, म्हणजे उड्डाणाआधीच्या शिकवणीला, मागे बसू द्यायची विनंती करा. बहुतेक चांगल्या स्कूलना याचं काही वाटत नाही. समजा फळ्यावर स्टॉल, म्हणजे पंखांची विमान उचलून धरायची ताकद अचानक घटणं, शिकवला जातोय. इन्स्ट्रक्टर पंखाचा छेद काढतो, हवेचे बाण काढतो, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) लिहितो. इथपर्यंत सगळे सारखेच. पुढे लक्ष द्या. तो विद्यार्थ्याला विचारतो का, ‘विमान स्टॉलच्या जवळ आलंय हे तुला कशावरून कळेल?’ आणि विचारून गप्प राहतो का? विद्यार्थी चाचपडत म्हणतो, ‘वेग कमी झाला की.’ चांगला इन्स्ट्रक्टर त्याला लगेच खोडून काढत नाही. तो विचारतो, ‘आणि साठ अंशांच्या वळणात असशील तर?’ विद्यार्थी थांबतो, फळ्याकडे बघतो, आणि स्टॉलचा संबंध वेगाशी कमी आणि अँगलशी जास्त आहे हे त्याच्या तोंडूनच येतं. ते वाक्य तो विद्यार्थी विसरत नाही. हेच सलग वीस मिनिटं ऐकवलं असतं तर वहीत उतरलं असतं, डोक्यात नाही.

डीब्रीफिंग त्याहून बोलकं असतं. उड्डाण संपवून दोघं येऊन बसले की पहिला कोण बोलतो ते बघा. इन्स्ट्रक्टरनं सरळ चुकांची यादी सुरू केली तर समजा की तुम्हालाही तीच सवय लागणार. ‘तुला कसं वाटलं? पुन्हा करायला मिळालं तर काय वेगळं करशील?’ इथून सुरुवात झाली, तर तो विद्यार्थ्याला स्वतःचं मोजमाप करायला शिकवतोय. सोलोवर, म्हणजे एकट्यानं उडायला, गेल्यावर चूक सांगायला शेजारी कुणी नसतं, तेव्हा हीच सवय कामी येते.

शिकण्याच्या तत्त्वांमध्ये इन्स्ट्रक्टरच्या प्रत्येक वर्गात प्रायमसीचा नियम येतो: पहिल्यांदा जे शिकलं जातं ते सर्वांत घट्ट बसतं, मग ते बरोबर असो की चूक. तो विद्यार्थ्यांना जितका लागू, तितकाच तुम्हालाही. शिकवण्याच्या बाबतीत तुम्ही आज पहिलटकर आहात.

पायरी ३: उजव्या सीटवर बसून बघा

पैसे भरण्याआधी एक उड्डाण उजव्या सीटवरून मागा, त्याच विमानात आणि शक्यतो त्याच इन्स्ट्रक्टरबरोबर. स्कूल याचे पैसे घेईल, ते द्या.

इतके तास डाव्या सीटवर घालवल्यावर उजवीकडे बसलं की हात गोंधळतात. थ्रॉटल डाव्या हातात येतो, योक (विमानाचं हँडल) उजव्या हातात, आणि फ्लेअरची (टेकण्याआधी नाक हळूच उचलण्याची) ओढ ज्या हाताच्या सवयीची होती तो हात आता दुसऱ्याच कामाला असतो. डोळेही फसतात. शेजारी-शेजारी बसायच्या विमानात कुणीच बरोबर मध्यरेषेवर बसत नाही. डाव्या सीटवरून डावीकडे वळताना नाक वर गेल्यासारखं दिसतं आणि उजवीकडे वळताना खाली. उजव्या सीटवर हे उलटं होतं. वळणात उंची का सुटतेय हे कळायला थोडा वेळ जातो. जुनी गोल घड्याळं असतील तर एअरस्पीड तिरकसच वाचावा लागतो. उतरताना नाक धावपट्टीला तिरकं राहतं. हे सगळ्यांचंच होतं आणि सरावानं जातं, पण त्या सरावाला कोर्समध्ये वेळ ठेवलाय का ते विचारा.

याच उड्डाणात विमान इन्स्ट्रक्टरच्या नजरेनं बघा. पायपर पीए-२८ घ्या. दार एकच, तेही उजवीकडे. म्हणजे विद्यार्थी आधी आत जाणार, तुम्ही नंतर, आणि बाहेर पडताना आधी तुम्ही. इंधनाचा सिलेक्टर डाव्या भिंतीला, विद्यार्थ्याच्या पायाजवळ. उजव्या सीटवरून तिथे हात नेणं कठीण, त्यामुळे विद्यार्थ्यानं चुकीची टाकी लावलीय का, हे तुम्हाला त्याच्या हाताकडे बघूनच टिपावं लागतं. जुन्या काही पीए-२८ मध्ये उजवीकडे टो ब्रेक (पेडलवर पायाच्या बोटांनी दाबायचे ब्रेक) नसतात. अशा विमानात नवशिक्याबरोबर टॅक्सी करताना तुमच्या पायाखाली ब्रेक नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. सेसनामध्ये किल्ली पॅनेलच्या पार डाव्या टोकाला असते. तुमची भावी नोकरी ज्या प्रकारच्या विमानावर असेल त्याच प्रकारावर शिकायला मिळालं तर उत्तम.

पायरी ४: स्पिन कशात आणि किती शिकवता, हे स्पष्ट विचारा

या एका प्रश्नावरून स्कूलचा गंभीरपणा कळतो. सगळ्या विमानांत मुद्दाम स्पिन करायला परवानगी नसते. डायमंड डीए-४० मध्ये नाही. सिरस एसआर-२२ मध्येही नाही. तिथे स्पिनमधून सुटण्याचा उपाय म्हणजे आख्ख्या विमानाचं पॅराशूट. पीए-२८ च्या बऱ्याच मॉडेल्समध्ये स्पिन निषिद्ध आहे. सेसना १५२ मध्ये चालतो. सेसना १७२ मध्ये युटिलिटी कॅटेगरीत, म्हणजे कमी वजनाच्या वर्गात, चालतो, पण मागची सीट आणि सामानाची जागा रिकामी हवी आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली हवं. दोन धिप्पाड माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन ते गणित बसेलच असं नाही. वजनाचा कागद मागा आणि स्वतः करून बघा.

म्हणजे ज्या स्कूलच्या ताफ्यात फक्त डीए-४० आहेत, तिनं स्पिनसाठी दुसरं विमान कुठून तरी आणलं पाहिजे. कुठून आणता, कोण शिकवतो, खर्च कोर्समध्ये धरलाय का? उत्तर चटकन यायला हवं. ‘ते आपण नंतर बघू’ असं ऐकू आलं तर मी त्या स्कूलला बाजूला ठेवेन.

किती शिकवता, हेही विचारा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, लॉगबुकवर सही, असं उरकता येतं. पॉवर कमी, एलरॉन (पंखांवरच्या झडपा) मध्यभागी, रडर (शेपटीचं उभं सुकाणू) फिरण्याच्या विरुद्ध दिशेला पूर्ण, मग एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) पुढे, हा क्रम तोंडपाठ असणं वेगळं आणि शेजारच्या घाबरलेल्या विद्यार्थ्यानं योक पोटाशी घट्ट ओढून धरलेला असताना तो क्रम पार पाडणं वेगळं. फायनलसाठीच्या, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत येण्याच्या, वळणात जास्त रडर मारून विमान कसं स्पिनमध्ये शिरतं, हे सुरक्षित उंचीवर विद्यार्थ्याची नक्कल करून दाखवणारा प्रशिक्षक मिळाला तर तिथेच जा. सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीच्या) उंचीवर स्पिन सुरू झाला तर सावरायला जागा नसते. तुमची खरी कामगिरी तो सुरू होण्याआधीच ओळखण्याची आहे, आणि ते बघितल्याशिवाय ओळखता येत नाही.

पायरी ५: रोजचा कारभार बघा

इथे फार वेळ नको, पण डोळे उघडे ठेवा. ताफ्यात किती विमानं आहेत यापेक्षा आज सकाळी उडू शकणारी किती आहेत ते विचारा आणि गेल्या आठवड्याचा बुकिंगचा तक्ता दाखवायला सांगा. दुरुस्ती जागेवर होते की विमान दुसरीकडे न्यावं लागतं? एफएएच्या नियमांत भाड्यानं शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी होते. ज्या स्कूलमध्ये विमान भरपूर उडतं तिथे ही पाळी लवकर लवकर येते, तेव्हा जोडीला दुसरं विमान आहे का?

परीक्षक किती दिवसांनी मिळतो, हा प्रश्न तर हमखास राहून जातो. इन्स्ट्रक्टरची परीक्षा घेऊ शकणारे परीक्षक इतर परीक्षांपेक्षा कमी असतात. कोर्स संपून परीक्षेची तारीख लांबली की हात गंजतात आणि सरावाची जादा उड्डाणं खिशातून करावी लागतात.

हवामान आणि विमानतळही बघून घ्या. टॉवर असलेल्या गजबजलेल्या विमानतळावर रेडिओ पक्का होतो, पण टॅक्सी करून धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्यातच वेळ जातो. शांत विमानतळावर सर्किटं भरपूर होतात. मला तर शांत विमानतळ जवळ आणि गजबजलेला एका उड्डाणाच्या अंतरावर, असं ठिकाण सर्वांत आवडतं.

पायरी ६: आकडे आणि पैसे कागदावर

गेल्या वर्षी इन्स्ट्रक्टर कोर्सला किती जण बसले, किती जणांनी पूर्ण केला, किती जण पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले: तिन्ही आकडे वेगवेगळे मागा. फक्त उत्तीर्णांची टक्केवारी सांगितली तर मध्येच सोडून गेलेले त्यात दिसत नाहीत. एफएएच्या पार्ट १४१ (मान्यताप्राप्त स्कूलचे नियम) खालच्या स्कूलना मान्यता मिळवण्यासाठी पहिल्या प्रयत्नात किमान ८० टक्के उत्तीर्ण अशी अट असते, त्यामुळे तिथे हा हिशेब ठेवलेला असतोच. पार्ट ६१ (अशी मान्यता न लागणारे नियम) खाली शिकवणाऱ्यांना ही अट नाही, पण नाव राखून असलेला इन्स्ट्रक्टर आपले आकडे सांगायला कचरत नाही.

संपूर्ण कोर्सचे पैसे एकदम भरू नका, मग सवलत कितीही असो. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण कंपनी अचानक बंद पडली. कर्ज काढून आधीच पैसे भरलेले विद्यार्थी अर्धवट प्रशिक्षण आणि पूर्ण कर्ज घेऊन बाहेर पडले. टप्प्याटप्प्यानं भरा. सोडून गेल्यास उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात लिहून घ्या.

तासाचा दर कशावर मोजतात, तेही विचारा. हॉब्ज मीटरवर मोजत असतील तर इंजिन चालू ठेवून उभं राहिलेल्या वेळेचेही पूर्ण पैसे लागतात. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर तो हळू सरकतो. दोन स्कूलचे दर समान दिसले तरी बिल वेगळं येऊ शकतं. आणि ब्रीफिंगच्या वेळेचे पैसे लागतात का? लागत असतील तर तक्रार करू नका. या कोर्समध्ये फळ्यासमोरचा वेळ हवेतल्या वेळेइतकाच मोलाचा आहे, आणि तो फुकट म्हणून घाईत उरकणाऱ्यापेक्षा पैसे घेऊन नीट देणारा बरा.

पायरी ७: धड्यांची तयारी कोण करतं, ते विचारा

काही स्कूल पहिल्या दिवशी छापील लेसन प्लॅनचं जाडजूड बाड हातात ठेवतात. दिसायला छान दिसतं. पण परीक्षकासमोर किंवा विद्यार्थ्यासमोर दुसऱ्याच्या टिपणांवरून शिकवताना पहिल्या उलट प्रश्नाला गाडी अडते. ज्या स्कूलमध्ये तुमचे धडे तुमच्याकडून लिहून घेतात, तुमच्या सहकाऱ्यांसमोर फळ्यावर मांडायला लावतात आणि मग फाडून खातात, ती निवडा. बरोबरीचे प्रशिक्षणार्थी असणं म्हणूनच फायद्याचं. ईएएसएच्या ३० तासांपैकी ५ तास दोन प्रशिक्षणार्थींनी एकमेकांसोबत उडण्यासाठी वापरता येतात: एक इन्स्ट्रक्टर होतो, दुसरा मुद्दाम चुका करणारा विद्यार्थी. त्यातून बोलणं आणि हात एका लयीत आणायची सवय लागते. ‘आता हळूच मागे’ म्हणताना योक त्याच क्षणी मागे यायला हवा, आधी नाही, नंतर नाही. आणि कंट्रोल कुणाकडे आहे याबद्दल एक क्षणही शंका राहू नये, म्हणून देवाणघेवाणीचे ठरलेले शब्द दर वेळी मोठ्यानं बोलायचे, थट्टेतसुद्धा वगळायचे नाहीत.

पायरी ८: रेटिंग मिळाल्यावर पहिले शंभर तास कुठे?

युरोपात नवा इन्स्ट्रक्टर सुरुवातीला मर्यादित अधिकारांवर, अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो. किमान १०० तास शिकवल्यावर आणि विद्यार्थ्यांच्या किमान २५ सोलो उड्डाणांवर देखरेख केल्यावर ती मर्यादा उठवता येते. मग देखरेख करणारा इन्स्ट्रक्टर त्या स्कूलमध्ये आहे का, आणि त्याला नवख्यांसाठी वेळ असतो का, हे आधी बघा. जिथे अशी सक्ती नाही तिथेही पहिले काही महिने कुणाला तरी विचारता येणं फार गरजेचं असतं.

नोकरीची हमी देणारी स्कूल असेल तर गेल्या वर्षी पूर्ण केलेल्यांपैकी किती जण आज तिथेच शिकवतात, ते विचारा आणि त्यांच्यातल्या दोघांशी स्कूलच्या माणसांशिवाय बोला. ‘कोर्स कसा होता’ असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. पहिला विद्यार्थी मिळाल्यावर काय नव्यानं शिकावं लागलं, ते विचारा. दोघांचंही उत्तर एकच आलं तर स्कूलची कमजोरी तिथे आहे.

प्रवेश घेतल्यावर दर आठवड्याला ट्रेनिंग रेकॉर्डची प्रत स्वतःकडे घेत राहा आणि प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीवर इन्स्ट्रक्टरची सही त्याच दिवशी घ्या. काही कारणानं मध्येच स्कूल बदलावी लागली, तर नवी स्कूल पहिल्यांदा तेच कागद मागते, आणि जुन्या इन्स्ट्रक्टरला शोधून सही मिळवणं तेव्हा फार जड जातं.